‘हिला गणित येत नाही’ असं म्हणण्यापूर्वी
(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

काल आपण हिंसाचार, पोटगी आणि रेशनवर बोललो. आजच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘मुलांचं गणित’ हा विषय पाहून काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. चहाच्या वेळी एक मैत्रीण म्हणाली, “अगं, मी स्वतः गणितात काठावर पास झालेली. मी कुणाला काय शिकवणार?” मीही गणिताची शिक्षिका नाही. समाजकार्याचं शिक्षण घेताना संख्याशास्त्राच्या पेपरचा मी धसकाच घेतला होता. तरीही मला वाटतं, की हा विषय स्त्रियांच्या चळवळीचाच आहे. का, ते सांगते.

आमच्या वस्तीतल्या दोन बहिणींची गोष्ट आहे. आई भाजी विकते. थोरली सातवीत असताना गणितात मागे पडली, म्हणून आमच्या संध्याकाळच्या वर्गाला येऊ लागली. वर्गात वीस-बावीस मुलं होती. मी सातवीचं पुस्तक उघडलं आणि अपूर्णांक सुरू केले. ती मान खाली घालून फळ्यावरचं उतरवून घ्यायची. तिला साधी हातच्याची वजाबाकी येत नव्हती, हे मला सहा महिने कळलं नाही, कारण मी विचारलंच नाही. पुढं ती वर्गाला येईनाशी झाली. नववीत शाळा सुटली. घरात कुणी भांडलं नाही, रडलं नाही. “तिच्या डोक्यातच जात नाही,” एवढ्या एका वाक्यावर निकाल लागला. आज ती चार घरी धुणीभांडी करते. खाडे किती धरले, पगार किती कापला, हे मालकीण सांगेल ते खरं.

धाकटी वर्गाला आली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि तिच्या शेजारी बसले. पाटीवर ५२ वजा ३८ लिहिलं. तिनं उत्तर लिहिलं २६. आपण काय करतो? चूक अशी खूण करतो आणि पुढच्या मुलाकडे वळतो. या वेळी मी विचारलं, “कसं केलंस?” ती म्हणाली, “आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन.” म्हणजे तिचा एक नियम होता : मोठ्यातून लहान काढायचं, मग मोठा अंक वर असो की खाली.

मग मी म्हटलं, “गल्ल्यात ५२ रुपये आहेत. ३८ रुपये पिशव्यांना गेले. उरले किती?” तिनं पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. “अडतीसला दोन, चाळीस. वर दहा, पन्नास. वर दोन. चौदा.”

मी दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहिली आणि विचारलं, “यातलं खरं कुठलं?” ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, “ताई, हे दुकानाचं आणि ते शाळेचं.”

मैत्रिणींनो, तिला गणित येत होतं. ते शाळेत चालतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हे काही तिच्या एकटीचं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. हीच मुलं गिऱ्हाइकाला जवळपास अचूक हिशोब सांगत होती आणि तीच आकडेमोड कागदावर दिली की बहुतेकदा चुकत होती. २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचाही असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष तोच : बाजारातलं गणित शाळेत पोचत नाही आणि शाळेतलं बाजारात.

मग पूल बांधायचा कसा? आम्ही दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी मांडली. आठ रुपये सुटे द्यायचे आहेत, हातात दोनच आहेत. काय करशील? “दहाची नोट मोडीन.” चार नोटा राहिल्या, नाणी झाली बारा. बारातून आठ गेले, चार. चार नोटांतून तीन गेल्या, एक. चौदा! मग मी सांगितलं, की शाळेत यालाच हातचा घेणं म्हणतात. ती म्हणाली, “एवढंच होतं?” एवढंच होतं. पण त्यासाठी कुणीतरी तिच्याशेजारी अर्धा तास बसायला हवं होतं.

आपल्या भाषेचीही एक अडचण लक्षात घ्या. आपण ‘त्रेसष्ट’ म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात आणि लिहिताना सहा आधी लिहायचे असतात. म्हणून मूल ३६ लिहितं. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात ५९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी जोड वाचनपद्धत दिली तेव्हा केवढी टिंगल झाली! गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर पुन्हा पुन्हा सांगत होत्या, की जुने शब्द काढलेले नाहीत, लहान मुलांना सोपं जावं म्हणून ही जोडीची वाट आहे. त्या पद्धतीबद्दल मतभेद असू शकतात. पण ३६ लिहिणारं मूल ‘ढ’ नसतं. त्यानं जे ऐकलं ते प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं.

मुलींच्या बाबतीत याच्यावर आणखी एक थर चढतो. आपल्यातल्या वडीलधाऱ्या मैत्रिणींना आठवत असेल, एके काळी मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्रासारखा विषय घेण्याची सोय असे. दहावीपर्यंत गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचं असावं, अशी शिफारस १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं केली. कागदावर वाट मोकळी झाली. घरात मात्र मुलगा नापास झाला की शिकवणी लागते आणि मुलगी नापास झाली की स्थळ बघायला सुरुवात होते. आणि गंमत पाहा, त्याच घरातली न शिकलेली आई पंधरा रुपये पाव या भावानं अडीच किलोचे दीडशे रुपये तोंडी सांगते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे अपूर्णांकच आहेत. तिला विचारा, “तुम्हाला गणित येतं का?” ती पदर तोंडाला लावून म्हणेल, “आम्हाला कुठलं!”

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

पहिलं, इयत्ता विचारू नका, मूल कुठे उभं आहे ते पाहा. नऊपर्यंतचे अंक ओळखतं का? नव्याण्णवपर्यंतचे? हातच्याची वजाबाकी? तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भाग? ‘असर’च्या पाहणीत २००५ पासून साधारण हेच पाहिलं जातं. एका मुलाला दहा मिनिटं पुरतात.

दुसरं, चार-पाच मुलांचे गट करा, वयानुसार नाही, पायरीनुसार. पायरी बदलली की गट बदला. नाहीतर ‘कच्च्यांचा गट’ असा नवा शिक्का बसेल.

तिसरं, उत्तर बरोबर असो की चूक, “कसं केलंस?” हे विचारा. फक्त चुकल्यावरच विचारलं, तर मूल घाबरतं.

चौथं, हातात वस्तू द्या. खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या पुरतात. आणि खेळा! पत्त्यांतली एक्क्यापासून नव्वीपर्यंतची पानं घ्या. दोघांनी एकेक पान उचलायचं, ते दशकाच्या घरात ठेवायचं की एककाच्या, हे ठरवायचं, मग दुसरं उचलायचं. ज्याची संख्या मोठी तो जिंकला. सात आल्यावर तो कुठं ठेवावा, यावर आमच्याकडे जी भांडणं होतात, ती ऐकण्यासारखी असतात!

एक धोक्याची सूचनाही देते. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’च्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास झाला. वस्तीतल्या तरुण मुली मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवत. मुलांची प्रगती झाली, आणि ती सर्वात मागे असलेल्यांची जास्त झाली. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी दोघांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बालसखीला महिन्याला ५०० ते ७५० रुपये मिळत. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. म्हणून हे काम करा, पण सेवाभावाच्या नावाखाली आणखी एक फुकटचं काम बायकांच्या गळ्यात पडू देऊ नका. मानधन मागा. आणि शाळेलाही तिच्या जबाबदारीतून सोडू नका.

शेवटी त्या धाकटीबद्दल. ती आता आठवीत आहे. गुण बेताचेच पडतात. मागच्या महिन्यात आईच्या बचत गटाची वही तिनं पाहिली. आईनं शेकडा दोन टक्के महिना व्याजानं ३००० रुपये घेतलेले, हप्ता मुद्दलाचे ५०० आणि वर व्याज. दोन हप्ते फिटल्यावरही व्याज ६० रुपयेच लावलेलं होतं. तिनं बैठकीत विचारलं, “मुद्दल दोन हजार राहिलं, तर व्याज चाळीस व्हायला पाहिजे ना?”

बैठकीत शांतता पसरली. ती वही आमच्याच कार्यकर्तीनं लिहिलेली होती आणि तपासून सही मी केली होती. त्या रात्री बसून आम्ही अकरा जणींचे हिशोब दुरुस्त केले आणि जास्तीचे पैसे परत दिले. थोरलीही शेजारी बसून बघत होती. निघताना म्हणाली, “ताई, मला पण शिकव. पगाराचा हिशोब लिहायचाय.”

आम्ही ५२ वजा ३८ पासून सुरुवात केली आहे.