सनद मिळाली, कोर्ट कोणतं?

(नांदेड आणि लातूर इथल्या कायद्याच्या विद्यार्थिनी व नुकतीच सनद घेतलेल्या वकील मैत्रिणींपुढे केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आधीच सांगते, मी वकील नाही. मी एम.एस.डब्ल्यू. केलं आणि बायकांच्या सल्ला केंद्रात काम करते. पण माझा निम्मा आठवडा कोर्टाच्या आवारात जातो. कधी झाडाखाली, कधी व्हरांड्यात, कधी टायपिस्टच्या टेबलाशेजारी, पक्षकार बाईच्या सोबतीला बसून मी वकिली पाहिली आहे. तुम्ही टेबलाच्या ज्या बाजूला बसणार, त्याच्या समोरच्या बाजूने तुमचा प्रश्न कसा दिसतो, एवढंच आज मांडते.

प्रश्न तुम्हीच लिहून पाठवला होता. "सनद घेऊ, पण प्रॅक्टिस कुठे करू? नांदेडला, लातूरला, खंडपीठात, की सरळ पुण्या-मुंबईला?" नांदेड मोठं की लातूर, हा वाद आपल्याला नवा नाही. विभागीय आयुक्तालय कुठे व्हावं यावरून २००९ मध्ये दोन्हीकडची माणसं रस्त्यावर आली होती. त्यात मी पडत नाही. मला त्याच्या आधीचा एक प्रश्न विचारायचा आहे.

बाईचं शहर कोण निवडतं?

आमच्या केंद्रात बाई आली की अर्जावर गाव लिहावं लागतं. "तुझं गाव कोणतं?" असं विचारलं की बहुतेक जणी थांबतात. माहेरचं सांगू की सासरचं? जिथून हाकललं ते, की जिथे भावाच्या घरी ओझं होऊन राहते ते?

वकील मुलीचंही याहून फार वेगळं नाही. तिने लातूरच्या दयानंद महाविद्यालयात नाहीतर नांदेडच्या नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालयात कायदा शिकायचा, दोन-तीन वर्षं एखाद्या सीनियरकडे तारखा घ्यायच्या, कुठे पक्षकार ओळखायला लागले की लग्न ठरायचं. मुलगा पुण्यात कंपनीत असतो. सगळे म्हणतात, "वकिली काय, तिकडेही करता येईल."

करता येते का? कायद्याने येते. वकील अधिनियमाचं कलम ३० जून २०११ पासून लागू झालं आणि देशातल्या कुठल्याही कोर्टात उभं राहण्याचा हक्क सनदेबरोबर आला. पण पक्षकार काही सनदेबरोबर येत नाहीत. शिक्षिकेची बदली झाली तर तिला नव्या शाळेत वर्ग तयार मिळतो. वकिली एका जागी रुजते. कुठला तलाठी नोंद अडवून ठेवतो, कुठला क्लार्क नक्कल वेळेवर देतो हे कळायला वर्षं जातात. एका पक्षकाराने दुसऱ्याला पाठवायला त्याहून जास्त जातात. ही कमाई ट्रकमध्ये सामानाबरोबर भरून नेता येत नाही. पुरुष वकिलाची ती एकाच गावात साठत जाते. बाईची दर वेळी शून्यापासून.

म्हणून पहिलं सांगणं हे, की शहर निवडायचं असेल तर ते स्थळं यायला लागण्याच्या आधी निवडा, आणि घरी मोठ्याने सांगा. "मी लातूरच्या कोर्टात वकिली करते" हे वाक्य "मी एल.एल.बी. आहे" यापेक्षा वेगळं आहे. पहिल्यात तुमचं ठिकाण आहे. लग्नाच्या बोलण्यात मुलाची नोकरी कुठे आहे हे धरून चालतात, तशी तुमची प्रॅक्टिस कुठे आहे हेही धरलं गेलं पाहिजे.

कायदा बाईच्या गावी आला

आता टेबलाच्या माझ्या बाजूचं. ज्या बाईला घर सोडावं लागतं, तिने दाद कुठे मागायची, हा प्रश्न चळवळीला फार जुना आहे. नांदेड जिल्ह्यातली मुलगी पुण्याला दिली, तिथे मारझोड झाली, ती मुखेडला आईकडे आली. तिने दर तारखेला पुण्याला जायचं? तिकिटाला पैसे कुठून, मूल कोणाकडे ठेवायचं, मुक्काम कुठे?

कायदा हळूहळू हे शिकला. पोटगीचा अर्ज बायको राहते तिथे करता येतो, ही सोय १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच होती. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ आणि १४५ मध्ये आहे. २००३ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि पत्नी जिथे राहते तिथल्या कोर्टात तिला विवाहविषयक अर्ज करता येऊ लागला. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तर तात्पुरत्या आसऱ्याची जागासुद्धा धरतो. आणि २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की छळामुळे घर सोडलेली बाई जिथे आसरा घेते, तिथेही ४९८-अ ची फिर्याद चालू शकते. छळाचा मनावरचा परिणाम तिच्याबरोबर तिथे येतोच, हे न्यायालयाने मान्य केलं. ते कलम आज न्याय संहितेत ८५ झालं आहे.

म्हणजे खटला मुखेडला आला, लातूरला आला. नांदेड-लातूरला आता कौटुंबिक न्यायालयंही आहेत. मात्र ज्या मुली हे कायदे नीट शिकल्या, त्यातल्या अनेक जणी पुण्याला गेल्या. कोर्ट बाईच्या दाराशी आलं, वकीलबाई लांब गेली. ही माझी तक्रार नाही, आपल्यापुढचं काम आहे.

मी बायकांना पुरुष वकिलांपुढे बसलेलं पाहिलं आहे. त्यातले कित्येक चांगले आहेत, आमचे मित्र आहेत. तरीही नवऱ्याने अंथरुणात काय केलं हे सांगायची वेळ आली की बाई खाली बघते आणि माझा हात धरते. मग मी सांगते, वकीलसाहेब लिहून घेतात, आणि अर्जात तिची हकिकत राहत नाही, माझी राहते. उलटतपासणीत ती तिथेच अडखळते.

खंडपीठाची गोष्ट

अंतराने काय होतं हे मराठवाड्याला शिकवावं लागत नाही. १९५६ पर्यंत आपलं उच्च न्यायालय हैदराबादला होतं, त्यानंतर मुंबईला. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २७ ऑगस्ट १९८१ ला न्यायमूर्ती बसू लागले. त्यालाही आव्हान दिलं गेलं. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला आणि १९८४ मध्ये खंडपीठ कायम झालं. पक्षकाराला न्याय परवडला पाहिजे, हाच त्या मागणीचा गाभा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, त्यामागेही कित्येक वर्षांची हीच मागणी होती. गावोगावच्या वकिलांनी ती लावून धरली म्हणून हे घडलं.

तुमच्यापैकी जिला रिट, अपील, जामीन असं उच्च न्यायालयाचं काम आवडतं, तिने पहिली दोन-तीन वर्षं खंडपीठात जरूर काढावीत. मसुदा कसा नेमका करायचा हे तिथे शिकायला मिळतं. नांदेडहून किंवा लातूरहून ते अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे रोज येऊन-जाऊन जमणार नाही. खोलीभाडं आणि खानावळ धरून हिशेब मांडा. कंपन्यांचं, कराचं काम करायचं असेल तर मुंबईला जा, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. बायकांनी फक्त बायकांचे खटले लढवावेत असं आपण कधी म्हटलं नाही. पण नुसतं "मोठ्या शहरात चांगलं असतं" एवढ्यावर जाऊ नका. तिथे आपलं कोण आहे आणि काम कुठून येणार, याचं उत्तर आधी पाहिजे.

कॉर्नेलिया सोराबजींचं उदाहरण बघा. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि पुढे ऑक्सफर्डला. १८९२ मध्ये त्यांनी तिथली कायद्याची परीक्षा दिली, पण बायकांना वकिली करू देणारा कायदा भारतात १९२३ मध्ये आला. मधली कित्येक वर्षं त्यांनी बंगालकडच्या पडदानशीन बायकांच्या मालमत्तेचं काम पाहिलं. ज्या बायकांना पुरुष वकिलासमोर येता येत नव्हतं, त्या जिथे होत्या तिथे बाई गेल्या. त्यांची राजकीय मतं आपल्याला पटणार नाहीत, पण जागा निवडण्याची रीत पटावी.

जिल्ह्यात काम काय आहे?

"इथे पोटगी आणि मोटार अपघाताशिवाय काय आहे?" असं एकीने विचारलं आहे. जमीन आहे, मैत्रिणी. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये. २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, तो जन्माचा आहे. आणि आपल्याकडे होतं काय? वडील गेले की दिवस सरायच्या आत बहिणीच्या पुढे हक्कसोडपत्र येतं. साडी-चोळीवर सही. नवऱ्याने आत्महत्या केलेल्या शेतकरी बाईचं नाव सातबाऱ्यावर लागायला सासरा-दीर आडवे येतात.

यासाठी जो वकील लागतो तो मुंबईत घडत नाही. मराठवाड्याची जमीन निजामाच्या राज्यातून आली. खासरा पत्रक, इनामी जमिनी, १९५० चा हैदराबाद कुळ कायदा, उर्दूत लिहिलेली जुनी कागदपत्रं, हे सगळं वाचता येणारी माणसं जिल्ह्याच्या बाररूममध्येच भेटतात, आणि ती म्हातारी होत चालली आहेत. त्यांच्यापाशी बसून जी मुलगी हे शिकेल, तिच्याकडे काम आपण होऊन येईल. त्यात फीदेखील आहे.

अडचणी लपवत नाही

लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. सामनेवाला तुमच्या वडिलांचा दोस्त निघतो. संध्याकाळी घरी निरोप येतो, "पोरीला म्हणावं, एवढं ताणू नये." याला एकच उपाय, पहिल्या वेळीच नाही म्हणायचं, आणि घरच्यांनाही ते सांगून ठेवायचं.

दुसरी अडचण पैशाची. ज्युनिअरला महिना काही द्यायचा असतो हे अनेक ऑफिसांना माहीतच नसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत असं सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. पण तो कागद हातात ठेवून बोलता येतं. सनदेच्या फीबद्दल मात्र सर्वोच्च न्यायालयाचा ३० जुलै २०२४ चा स्पष्ट निकाल आहे. वकील अधिनियमात लिहिलेल्या रकमेहून, म्हणजे ७५० रुपयांहून, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांहून जास्त नावनोंदणी फी घेता येत नाही.

सीनियर निवडताना चार गोष्टी विचारा. तुमच्याकडे आधी मुली होत्या का, त्या आज कुठे आहेत? मला कोर्टात उभं राहायला कधी मिळेल, की तारखाच घेत राहायच्या? ऑफिस संध्याकाळी किती वाजता बंद होतं? महिन्याला काय द्याल? आणि आधीच्या मुलींना स्वतः जाऊन भेटा. एका ऑफिसातून वर्षभरात तीन मुली निघून गेल्या हे आम्हाला माहीत होतं, चौथीला कोणी सांगितलं नव्हतं.

न्यायाधीश व्हायचं असेल त्यांच्यासाठीही जागेचा प्रश्न आता खरा झाला आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. ती वर्षं नावाला काढायची की कामाची, हे आताच ठरवा.

आणि आम्ही काय करणार?

हे शेवटचं तुमच्यासाठी नाही, इथे बसलेल्या संघटनांच्या बायकांसाठी आहे. आपल्याला वकील मैत्रीण हवी असते, पण फुकट. शिबिराला बोलवायचं, रात्री दहाला फोन करायचा, अर्ज लिहून घ्यायचा आणि "तू आपलीच आहेस" म्हणायचं. फी देऊ शकणारी, जमिनीच्या वाटणीची केस आली की मात्र आपणच म्हणतो, "मोठे वकील बघा." असं वागलो तर ती पुण्याला जाईल, आणि बरोबर करेल.

तेव्हा पैशाचं काम आधी तिच्याकडे पाठवू या. गरीब बाईच्या केसमध्ये विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू. १९८७ च्या कायद्याखाली बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि त्या वकिलाला फी सरकार देतं. आपल्या मुलींनी त्या पॅनेलवर नाव लावावं यासाठी मागे लागू. खंडपीठात काम निघालं तर तिथल्या मैत्रिणींच्या घरी तिची उतरायची सोय करू. आणि तिचं लग्न ठरत असेल, तर आपल्यातल्या दोघी जाऊन दोन्ही घरच्यांना सांगतील की हिचं कोर्ट इथे आहे.

तुम्ही पुणे निवडलंत तरी आमच्या मैत्रिणीच राहाल. पण नांदेड किंवा लातूर निवडणार असाल, तर एकटीने निवडू नका. सभा संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे. नाव, तालुका आणि कोणत्या कोर्टात बसणार ते लिहा. मुखेड, निलंगा, उदगीर, किनवट, जिथे जिथे रकाना रिकामा राहील, तिथली बाई आज कोणाकडे जाते हे आपण पुढच्या बैठकीत बघू.