जुना कॅमेरा, नवी फिल्म



माझ्या हातातील हा कॅमेरा घडी घातली की जाड पुस्तकाएवढा होतो. अमेरिकेतील पोलरॉइड कंपनीने १९७२ साली आणलेला हा 'एसएक्स-७०'. त्याचा जनक एडविन लँड. १९४३ साली त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारले, आत्ता काढलेला फोटो आत्ताच का दिसत नाही? अशा प्रश्नांवर आपण मुलांना गप्प बसवतो. लँड उत्तर शोधू लागला.

कळ दाबली की फोटो दोन रुळांमधून बाहेर येतो. त्या दाबाने कागदाच्या कडेची पुडी फुटते आणि आतले रसायन पातळ थराने पसरते. अंधारी खोली जणू त्या कागदातच सामावलेली! गंमत अशी, की कॅमेऱ्याची बॅटरीही फिल्मच्याच डबीत असते. त्यामुळे २००८ साली पोलरॉइडने फिल्म बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा धडधाकट कॅमेरेही निष्प्राण व्हायची वेळ आली.

हॉलंडमधील एन्स्खेडे येथील कारखान्याची यंत्रे भंगारात जाण्यापूर्वी फ्लोरियान काप्स आणि तेथलेच आंद्रे बोस्मान यांनी वाचवली. यंत्रे वाचली, पण काम तेवढ्याने भागेना. स्वयंपाकघर शाबूत, आणि मसालेच बाजारातून नाहीसे झालेले! जुनी रसायने मिळेनात, म्हणून फिल्म नव्याने जुळवावी लागली. २०१० च्या मार्चमध्ये पहिली आली, तीही कृष्णधवल. जुन्या फिल्ममध्ये बाहेर पडणाऱ्या चित्रावर रसायनाचाच एक अपारदर्शक पडदा असे, आणि काम झाले की तो आपोआप विरे. नव्या फिल्मचा पडदा विरळ. चित्र उजेडाने करपू नये म्हणून लोकांनी कॅमेऱ्याच्या तोंडाशी झडप बसवली. आता पुष्कळ सुधारणा झाली आहे; तरी फोटो मी पालथाच ठेवतो. डबीत पूर्वी दहा फोटो असत, आता आठ. '६००' जातीची फिल्म मात्र यात तशीच घालू नका. ती सुमारे चौपट प्रकाशसंवेदी आहे, चित्र पांढरे पडते.

खरी परीक्षा आपला वैशाख घेतो. ही फिल्म १३ ते २८ अंशांत वापरावी असे सांगतात. मे महिन्यातल्या एका लग्नात भर दुपारी मांडवात मी आत्याबाईंचा फोटो काढला. उन्हाने तो पिवळाजर्द! त्या म्हणाल्या, "अरे, हळद नवरीला लावायची, मला कशाला?" मग त्यांना माजघरात खिडकीशी बसवले, दुसरा काढला आणि गार फरशीवर पंधरा मिनिटे पालथा ठेवला. तो छान आला. भाच्याने प्रत मागितली. पण छापायला वेगळी निगेटिव्हच नाही. फोटो आत्याबाईंनी पदराआड नेला तो नेलाच.

आता अध्यक्षांचा एक काढतो. दिवे असेच राहू द्या. आणि अध्यक्षमहाराज, कृपा करून हलू नका. डबीत दोनच उरले आहेत.