मद्रास ते तमिळनाडू : मतपेटीने घडवलेले राजकारण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शिवचरित्र असे सरस विषय हाताशी असता आम्ही तमिळनाडूतील निवडणुकांसारखा रुक्ष विषय का निवडला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. त्याचे कारण साधे आहे. या चेन्नई शहरात आपल्यापैकी पुष्कळांची दुसरी, काहींची तिसरी पिढी वाढते आहे. येथील मतदारयादीत आपली नावे आहेत. तथापि दिवाणखान्यात राजकारण निघाले की आपण बोलतो ते मुंबई-पुण्याचे. आणि इथल्या राजकारणाची बोळवण एका वाक्यात करतो : ‘इथे काय, सगळा सिनेमा!’ हे वाक्य अगदीच खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या प्रांताला अण्णादुराई आणि करुणानिधी हे पटकथालेखक, एम. जी. रामचंद्रन आणि जयललिता हे नटनटी मुख्यमंत्री म्हणून लाभले, तेथे सिनेमा नाही असे कोण म्हणेल? परंतु पडद्यावरची लोकप्रियता अनेक प्रांतांत होती. तीतून पक्ष मात्र सगळीकडे उभा राहिला नाही. तेव्हा या इमारतीचा पाया थोडा उकरून पाहावा लागतो.

हा पाया १९१६ सालचा आहे. त्या वर्षी डॉ. टी. एम. नायर, पी. त्यागराय चेट्टी आणि सी. नटेस मुदलियार यांनी मद्रासेत जी संस्था स्थापली, तीच पुढे आपल्या मुखपत्राच्या नावावरून ‘जस्टिस पार्टी’ म्हणून ओळखली गेली. सरकारी नोकऱ्यांत आणि विद्यापीठात ब्राह्मणेतरांना वाव नाही, ही तिची मूळ तक्रार. १९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला आणि द्विदल राज्यपद्धतीखालील पहिले मंत्रिमंडळ या पक्षाच्या हाती आले. १९२१ साली नेमणुकांत निरनिराळ्या जातींना वाटा देणारा हुकूम निघाला. त्याच वर्षी मद्रास प्रांताने स्त्रियांना मताचा अधिकार दिला. पक्ष जमीनदारांचा होता, इंग्रजांच्या कलाने चालणारा होता, हे खरेच. १९३७ साली काँग्रेसने २१५ पैकी १५९ जागा जिंकून त्याला झोपवले, ते उगीच नव्हे.

येथे आपल्याकडची आठवण होणे स्वाभाविक आहे. महात्मा फुल्यांचा सत्यशोधक समाज १८७३ चा. शाहू महाराजांनी करवीरात निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या त्या १९०२ साली. म्हणजे या विचारात महाराष्ट्र मद्रासच्या मागे नव्हता, किंबहुना पुढेच होता. मग आपल्याकडे त्यातून वेगळे राजकारण का उभे राहिले नाही? आमच्या मते त्याचे मुख्य कारण असे, की १९३० नंतर केशवराव जेधे आदी मंडळी काँग्रेसमध्ये शिरली आणि त्यांनी बहुजन समाज आपल्याबरोबर नेला. काँग्रेस त्या समाजाची झाली. मद्रासेत उलट घडले. ई. व्ही. रामस्वामी, ज्यांना लोक ‘पेरियार’ म्हणतात, ते आधी काँग्रेसमध्येच होते; १९२५ साली ते बाहेर पडले आणि त्यांनी स्वाभिमानाची चळवळ उभारली. आपल्याकडे जो प्रवाह काँग्रेसला मिळाला, तो येथे तिच्यापासून फुटून वेगळा वाहू लागला. राजाजींच्या सरकारने १९३८ साली शाळांत हिंदी सक्तीची केली, तेव्हा त्या प्रवाहाला भाषेचे पाणी मिळाले. हिंदीविरोधी सत्याग्रहात नटराजन आणि तालमुत्तू हे दोन तरुण बंदिवासात मृत्यू पावले. १९४० साली सक्ती मागे घेतली गेली, पण ही दोन नावे राहिली.

जाता जाता आपल्या जिव्हाळ्याची एक गोष्ट सांगतो. अण्णादुराईंनी शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकावर एक तमिळ नाटक लिहिले होते. महाराजांच्या क्षत्रियत्वाविषयी ब्राह्मणांनी काढलेली शंका हा त्यातील कळीचा प्रसंग. त्यात महाराजांची भूमिका करणाऱ्या गणेशन नावाच्या तरुण नटाला पेरियारांनी ‘शिवाजी’ हे नाव दिले, आणि तो जन्मभर शिवाजी गणेशन म्हणूनच ओळखला गेला. आपण ज्या महाराजांना आपले समजतो, त्यांचे चरित्र या चळवळीने आपल्या गरजेप्रमाणे वाचले होते.

१७ सप्टेंबर १९४९ रोजी अण्णादुराई पेरियारांपासून वेगळे झाले आणि द्रविड मुन्नेत्र कळघम जन्मास आला. हा पक्ष प्रारंभी निवडणूक लढवणारा नव्हताच. त्याची मागणी स्वतंत्र द्रविडनाडूची, म्हणजे भारतातून फुटून निघण्याची होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तो उतरला नाही. १९५६ साली तिरुचिरापल्लीच्या परिषदेत निवडणुका लढवाव्या की नाही याचा निर्णय त्याने जमलेल्या लोकांच्या मतदानाने घेतला. मते मागायला जावे का, हे मत घेऊन ठरवणारा पक्ष आम्हांला दुसरा ठाऊक नाही. आमच्या समजुतीने या पक्षाचे पुढचे सारे चरित्र त्या दिवशी ठरले. कारण मतपेटीकडे एकदा तोंड केले, की मतदाराला काय हवे ते विचारावे लागते. आणि मतदाराला द्रविडनाडूपेक्षा तांदूळ, शाळा आणि मान अधिक हवा होता.

१९५७ साली द्रमुकला १५ जागा मिळाल्या, १९६२ साली ५०. त्या दुसऱ्या निवडणुकीत स्वतः अण्णादुराई कांचीपुरममध्ये पडले आणि राज्यसभेत गेले. तेथे त्यांनी द्रविडनाडूचा पुरस्कार केला. परंतु त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले आणि त्यांनी ती मागणी बाजूला ठेवली. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवाराला देशाच्या अखंडतेची शपथ बंधनकारक केली. पक्षापुढे दोन वाटा होत्या : मागणी सोडावी किंवा निवडणूक सोडावी. त्याने मागणी सोडली. गोळीबार आणि तुरुंग यांनी जे साधले नसते, ते उमेदवारी अर्जाने साधले!

या मधल्या काळात काँग्रेस निजली होती असे समजू नये. १९५४ पासून १९६३ पर्यंत कामराज मुख्यमंत्री होते. शाळा आणि शाळेतील दुपारचे जेवण त्यांनी खेड्यापाड्यांत पोचवले. पण त्या शाळांतून लिहायला-वाचायला शिकलेली मुले द्रमुकच्या वाचनालयांत जाऊन पक्षाची पत्रे वाचू लागली. चहाच्या दुकानात एकाने मोठ्याने वाचावे आणि दहांनी ऐकावे, ही त्या पक्षाची खरी शाखा. सिनेमा तिच्या नंतर येतो.

२६ जानेवारी १९६५ रोजी हिंदी राजभाषा होणार होती. त्या सुमारास झालेल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनाचा अर्थ आपल्या मराठी कुटुंबांना नीट लागत नाही. नागरी लिपी आपली. म्हणून आपल्या मुलांना हिंदी परकी वाटत नाही आणि तमिळ मुलाचा विरोध हट्ट वाटतो. परंतु ज्या मुलाला लिपीपासून आरंभ करावा लागणार, त्याला केंद्राच्या स्पर्धा परीक्षेत लखनौच्या मुलाशी हिंदीतून टक्कर द्यायची असती, तर त्याने काय करावे? प्रश्न अस्मितेचा होता तितकाच नोकरीचाही होता. काहींनी स्वतःला जाळून घेतले, गोळीबारात माणसे मेली, केंद्रातील दोन तमिळ मंत्र्यांनी राजीनामे दिले. अखेर लालबहादूर शास्त्रींना इंग्रजी चालू ठेवण्याचे आश्वासन द्यावे लागले.

१९६७ ची निवडणूक या पार्श्वभूमीवर झाली. तांदळाची टंचाई होती. द्रमुकने रुपयाला तीन पडी तांदळाचे आश्वासन दिले. जानेवारीत एम. जी. रामचंद्रन यांच्यावर त्यांच्याच व्यवसायातील एका नटाने गोळी झाडली, आणि गळ्याला पट्टी बांधलेले त्यांचे चित्र भिंतीभिंतींवर लागले. निकाल आपणांस माहीत आहे : २३४ पैकी द्रमुक १३७, काँग्रेस ५१. विरुदुनगरात खुद्द कामराजांचा एका विद्यार्थी नेत्याने पराभव केला. पण मतांचे आकडे पाहावेत. काँग्रेसला सुमारे ४१ टक्के मते पडली. द्रमुकला त्याहून किंचित कमीच! फरक पाडला तो युतीने. राजाजींचा स्वतंत्र पक्ष, मार्क्सवादी कम्युनिस्ट, मुस्लिम लीग, समाजवादी अशा एकमेकांशी न जुळणाऱ्या पक्षांना अण्णादुराईंनी जागावाटपात एकत्र बसवले. ज्या राजाजींच्या हिंदीसक्तीविरुद्ध चळवळ वाढली, तेच राजाजी आता या बाजूला होते. ही पटकथा नव्हे, हे गणित.

आता पुन्हा एकदा आपल्याकडे पाहू. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. तिच्याही मागे भाषा होती, हुतात्मे होते, अत्र्यांसारखे वक्ते होते. पण १ मे १९६० ला राज्य मिळाले आणि १९६२ साली काँग्रेस २६४ पैकी २१५ जागा घेऊन परत आली. समिती ही नकाशासाठी झालेली आघाडी होती. नकाशा मिळताच तिचे काम संपले. द्रमुकच्या मागे नकाशापेक्षा जुनी, समाजातील स्थानाची तक्रार होती. ती एका कायद्याने मिटणारी नव्हती, म्हणून पक्षही टिकला.

पुढचा इतिहास आपल्यातील वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. तो आम्ही विस्ताराने सांगत नाही. अण्णादुराईंनी पुरोहिताविना झालेले विवाह कायदेशीर केले, राज्याचे नाव बदलले आणि ३ फेब्रुवारी १९६९ रोजी ते निवर्तले. १९७२ साली करुणानिधी व रामचंद्रन यांचे बिनसून अण्णा द्रमुक निघाला आणि १९७७ साली सत्तेवर आला. मात्र एका प्रसंगापाशी थांबावेसे वाटते. १९७९ साली रामचंद्रन यांच्या सरकारने मागासवर्गीयांच्या सवलतींना वार्षिक ९००० रुपये उत्पन्नाची मर्यादा घातली. कागदावर ही योजना न्याय्यच दिसते. जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत ३९ पैकी ३७ जागा विरोधी युतीने जिंकल्या. रामचंद्रन यांनी मर्यादा रद्द केली आणि मागासवर्गीयांचे आरक्षण ३१ वरून ५० टक्क्यांवर नेले. त्यांचे सरकार बरखास्त झाले, तरी मे महिन्यात ते पुन्हा निवडून आले. पडद्यावर अजिंक्य असलेल्या नटाने चार महिन्यांत मतदाराचे म्हणणे ऐकले. १९८२ ची पौष्टिक आहाराची योजनाही याच मुशीतली. पुढे २००६ साली रंगीत दूरदर्शन संच आणि २०११ साली मिक्सर, पंखे वाटण्याची चढाओढ लागली, ती आम्हांला मुळीच शोभादायक वाटत नाही. परंतु तिचे कूळ तेच आहे.

येथील मतदार निर्दयही आहे. १९९१ साली द्रमुकला अवघ्या दोन जागा. १९९६ साली अण्णा द्रमुकला चार, आणि मुख्यमंत्री असलेल्या जयललिता बरगूरमध्ये पराभूत. त्याच वर्षी ईरोडजवळच्या मोडकुरिची मतदारसंघात आपल्या गाऱ्हाण्यांकडे कोणी पाहत नाही म्हणून शेतकऱ्यांनी घाऊक अर्ज भरले आणि उमेदवार झाले १०३३. मतपत्रिकेची पुस्तिका छापावी लागली. निवडणूक अडवण्यासाठीसुद्धा त्यांना निवडणुकीचाच मार्ग सुचला. जयललिता २०१६ साली गेल्या, करुणानिधी २०१८ साली. दोघांवाचूनची पहिली विधानसभा निवडणूक २०२१ ची. तीत द्रमुकला १३३ आणि अण्णा द्रमुकला ६६, म्हणजे २३४ पैकी १९९ जागा या दोन पक्षांनाच मिळाल्या. त्या वेळी दोन्ही पक्षांच्या अग्रभागी एकही रुपेरी पडद्यावरचा तारा नव्हता.