पचमढीचा तंबू
(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीविषयी माझ्याहून अधिकाराने बोलणारी ज्येष्ठ मंडळी आज व्यासपीठावर आहेत. मी एका लहान, पण सध्या थोड्या वादाच्या झालेल्या विषयावर बोलणार आहे. तो विषय म्हणजे आपले पचमढीचे हिवाळी शिबिर. गेल्या दोन पालकसभांत त्याविषयी दोन सूचना आल्या. तंबूंऐवजी मुलांना एखाद्या रिसॉर्टमध्ये उतरवावे, ही एक. आणि मुलींसाठी शिबिर एका दिवसाचे करावे, ही दुसरी. दोन्ही काळजीपोटी आल्या आहेत, हे मी जाणते. तरीही मुक्काम तंबूंतच, तीन रात्रींचा आणि मुलामुलींना सारखाच असावा, असे माझे ठाम मत आहे. त्याची कारणे आपल्यापुढे मांडते.

पचमढी हे सातपुड्याच्या माथ्यावरचे पठार. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड तिथेच आहे. उंची सुमारे १३५० मीटर. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात नागपूरहून तिथे जात असे. भारत स्काउट्स आणि गाइड्सचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रही पचमढीतच आहे, त्यामुळे तंबू ठोकणारी मुले हे त्या गावाला नवलाचे दृश्य नाही. आणि आपल्यासाठी विशेष गोष्ट ही, की या डोंगरांना मराठीची ओळख फार जुनी आहे. महाशिवरात्रीला चौरागडावर आणि श्रावणात नागद्वारीला विदर्भातून लोटणारे भाविक महादेवाची गाणी म्हणत हेच डोंगर चढतात. शिबिराला गेलेले आपण तिथे परके नसतो.

आता मुख्य मुद्दा. आपली मुले मराठी माध्यमात शिकतात; पण शाळेचे फाटक ओलांडले की बाजार, बस, मैदान, मोबाईल सगळे हिंदीत. याबद्दल माझी तक्रार नाही. हिंदीनेच आपल्याला या भूमीत सामावून घेतले आहे. परंतु परिणाम असा होतो, की मराठी ही मुलांच्या लेखी स्वाध्यायाची आणि आजीशी बोलण्याची भाषा उरते. सरपण, ओहोळ, घळ, खिंड, पाणवठा हे शब्द त्यांना पाठ असतात, पण त्या शब्दांमागची वस्तू त्यांनी कधी पाहिलेली नसते. तंबू ठोकताना हातात दोर आला की पहिल्या दिवशी मुले 'रस्सी खींच' असे ओरडतात. दुसऱ्या दिवशी 'दोर ताण, खुंटी तिरपी ठोक, ही निरगाठ नको, सुरगाठ मार' असे आपसूक बोलू लागतात. कोणी तसे बोलायला सांगितलेले नसते. काम मराठीत चालते, म्हणून बोलणेही मराठीत येते. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "बाई, ओहोळ आणि ओढा यांत नेमका फरक काय?" वर्गात हा प्रश्न तिला पडला नसता. दोन्ही वाहताना समोर दिसत होते, म्हणून पडला.

झाडांचेही तसेच. पचमढीच्या परिसरात साल आणि साग या दोहोंची वने एकत्र येतात. वाटाड्या 'साज' म्हणतो, ते आपले ऐन. तो 'महुआ' म्हणतो, तो आपला मोह. त्याचा 'तेंदू' तो आपला टेंभुर्णी. मुले वहीत दोन-दोन रकाने आखतात. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांनी घोकलेले असते. तो सातपुड्यातल्या झाडावर समोर उडी घेतो, तेव्हा उत्तरपत्रिकेतला तो शब्द एकदम जिवंत होतो.

या वाटाड्यांपैकी काही जण कोरकू समाजाचे आहेत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिची संथाळी, मुंडारी ही भावंडे दूर पूर्वेकडे झारखंडात, आणि ही एकटी सातपुड्यात आणि आपल्या मेळघाटात. मुलांनी वाटाड्यादादांना विचारले, की तुम्ही घरी काय बोलता. ते म्हणाले, "घरी कोरकू, तुमच्याशी हिंदी." त्यावर सातवीतला एक मुलगा चटकन म्हणाला, "म्हणजे आमच्यासारखंच." घरची भाषा एक आणि रस्त्याची दुसरी असणे हे काही आपल्यालाच आलेले वेगळेपण नाही, हे त्या मुलाला तिथे उमगले. भाषेवरची माझी दहा व्याख्याने त्याला हे समजावू शकली नसती.

हे रिसॉर्टमध्ये का घडत नाही, असे कोणी विचारील. एका वर्षी अवकाळी पावसामुळे आपण मुलांना तीनही रात्री पक्क्या खोल्यांत ठेवले होते. जेवण उत्तम होते, गरम पाणी होते. मुले खोल्यांत बसली, दूरदर्शन संच लागला आणि शहरातली संध्याकाळ जशीच्या तशी डोंगरावर गेली. कोणाला कोणाची गरज पडली नाही. तंबूत मात्र गरज पडतेच. एकट्याने तंबू उभा राहत नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर वीस मुलांचे पहिले शिबिर भरवले, तेव्हा त्यांनी श्रीमंतांच्या शाळांतील मुले आणि कामकऱ्यांची मुले मुद्दाम एकत्र ठेवली होती. आपल्या तंबूतही डॉक्टरांचा मुलगा आणि रिक्षाचालकांचा मुलगा एकाच ताडपत्रीवर झोपतात, आणि रात्री थंडी वाजली की कोणाची रजई कोणाच्या अंगावर जाते, याचा हिशेब राहत नाही.

मुलींच्या सुरक्षिततेविषयी मात्र मी आडपडदा न ठेवता बोलते, कारण मातांचा खरा प्रश्न तोच आहे. मुलींचे तंबू मध्यभागी असतात आणि शिक्षिकांचे तंबू त्यांच्या दोन्ही टोकांना. रात्रभर दोन शिक्षिका आळीपाळीने जाग्या असतात. स्वच्छतागृह पक्के, दिवे असलेले आणि मैदानालगत आहे, याची खात्री झाल्याशिवाय आपण जागा ठरवत नाही. पाळीच्या दिवसांसाठी लागणारे सर्व सामान शिक्षिकांकडे असते आणि त्या कारणाने कोणत्याही मुलीने घरी राहू नये, अशी माझी विनंती आहे. एका दिवसाची सहल मुलींना झाडे दाखवील. पण रात्री अंधारात विजेरी घेऊन मैत्रिणीला सोबत करणे आणि आपला तंबू आपणच नीट उभा केला आहे या भरवशावर झोपणे, हे तिला सहलीत मिळणार नाही. ते फक्त मुलांसाठी राखून ठेवण्याचे कारण मला सापडत नाही.

इतर नियमही कडक आहेत. कोणत्याही कुंडात उतरायचे नाही. वरून शांत दिसणारे पाणी किती खोल आहे, ते काठावरून कळत नाही. कड्यांवर आग्यामोहोळे असतात, म्हणून अत्तर नको, दगड भिरकावणे नको, आरडाओरडा नको. माकडांना खाऊ दाखवायचा नाही. शेकोटी परवानगीच्या जागीच पेटवायची, आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत तिथून उठायचे नाही. वाळलेल्या पानांच्या त्या जंगलात एक ठिणगी पुरेशी असते.

इथे थोडे विषयांतर करते. परदेशी स्थायिक झालेले आपले माजी विद्यार्थी सांगतात, की अमेरिकेत काउंटीची, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची, स्वतःची उद्याने असतात. न्यू जर्सीतील एसेक्स काउंटीने तर १८९५ सालीच उद्यानांसाठी स्वतंत्र मंडळ नेमले. आता ग्रामीण भागातल्या अशा अनेक उद्यानांत थोडे शुल्क भरून कोणतेही कुटुंब तंबू ठोकू शकते. पाण्याचा नळ, लाकडी मेज, चुलीची जागा तयार असते. आपल्याकडे एका टोकाला शहरातली बाग आणि दुसऱ्या टोकाला व्याघ्रप्रकल्प. मधले काहीच नाही. व्याघ्रप्रकल्पात मुक्कामावर निर्बंध हवेतच, त्याबद्दल दुमत नाही. पण सामान्य घरातल्या मुलाला एक रात्र आकाशाखाली काढता यावी, अशी सार्वजनिक जागा जिल्ह्याजिल्ह्यांत असू नये का? ती होईपर्यंत हे काम शाळांनीच करायचे आहे.

माजी विद्यार्थ्यांनी हीरक महोत्सवाची आठवण म्हणून शाळेला स्वागतकमान देऊ केली आहे. आपल्या प्रेमाबद्दल मी ऋणी आहे. मात्र धिटाईने एक मागणे मागते: कमान पुढच्या एखाद्या महोत्सवाला होऊ द्या, आम्हाला बारा तंबू द्या. सध्याचे तंबू आपल्यापैकीच काहींच्या काळातले आहेत. त्यांच्या कापडावर इतकी ठिगळे आहेत, की मूळ रंग कोणता, यावर मुलांमध्ये पैजा लागतात. शिवाय शुल्क न परवडणाऱ्या विद्यार्थ्यांचा खर्च उचलण्यासाठी एक लहानसा निधी हवा. देणगीदाराचे नाव त्या मुलाला कळणार नाही आणि मुलाचे नाव देणगीदाराला.

पालकांसाठी संमतिपत्रे दारापाशी ठेवली आहेत. मुलाला कोणत्या अन्नाची किंवा औषधाची अॅलर्जी असेल, दमा असेल, झोपेत चालण्याची सवय असेल, तर संकोच न करता लिहावे. पचमढीत डिसेंबरच्या पहाटे थंडी चांगलीच बोचते. एक रजई, दोन स्वेटर, कानटोपी, पायमोजे, चालायला सरावाचे बूट, ताट, वाटी, पेला आणि विजेरी एवढे पुरे. नवे बूट शिबिरासाठी घेऊ नयेत, पायाला फोड येतात. मोबाईल घरी ठेवावा. रोज संध्याकाळी सात वाजता शाळेच्या दूरध्वनीवरून प्रत्येक घरी निरोप पोहोचेल. संमतिपत्र येत्या शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावे.