आपला वाटा
(वर्धापनदिनाच्या समारंभातील भाषण)



आपले इंदूर गाण्याचे आणि खाण्याचे गाव. लताबाई मंगेशकर १९२९ साली इथेच जन्मल्या. उस्ताद अमीर खाँसाहेबांचे बालपण इथेच गेले. सराफ्यात दिवसा सोने विकले जाते, आणि रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, जिलबी, थंडीत तळलेला गराडू!

पण यातले आपल्या वाट्याला किती येते? बावीस वर्षे मी तो कीस घरी बांधून आणलेला, गार झालेलाच खाल्ला. गाण्याला गेले तरी भैरवीआधी उठायचे, कारण सकाळचे डबे!

गेल्या हिवाळ्यात जाऊबाईंना घेऊन प्रथमच सराफ्यात गेले. कढईपाशी उभे राहून खाल्लेल्या त्या किसाची चव निराळीच! घरी कुणी उपाशी राहिले नाही; चिरंजीवांनी खिचडी टाकली होती.

म्हणून सुचवते, वर्षातून एक मैफल भैरवीपर्यंत ऐकावी आणि एक रात्र सर्वजणींनी मिळून सराफ्यात जावे. गावाचा लौकिक आपलाही आहे.