दानपेटी भरते कशी आणि टिकते कशी?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. गिरणीत साच्यावर उभा राहून माझे आयुष्य गेले. शिक्षण म्हणाल तर नववी. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात, मोर्चात आणि आपल्या ह्याच विहाराच्या पायरीवर. 2020 सालच्या लॉकडाऊनमध्ये गिरणी थांबली ती पुन्हा सुरू झालीच नाही. तेव्हापासून हाताला काम कमी आणि वाचायला वेळ जास्त, अशी परिस्थिती आहे. त्या वाचनातूनच आजचा विषय मिळाला. समितीने मला "दान" ह्या विषयावर बोला असे सांगितले. दान का करावे हे तुम्हाला भंतेजी नेहमी सांगतात. मी कामगार माणूस. मी तुम्हाला सांगणार आहे की दानाचा कारभार चालतो कसा, आणि पन्नास-साठ वर्षे टिकतो कसा.

त्यासाठी तुम्हाला जरा लांब नेतो. तैवान नावाचे एक बेट आहे, चीनच्या पूर्वेला समुद्रात. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर हुआलिएन नावाचा जिल्हा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उंच डोंगर. राजधानी तैपेई डोंगरापलीकडे. त्या काळी हा भाग मागासलेला होता, डोंगरातल्या आदिवासींची वस्ती मोठी, आणि धड मोठे इस्पितळ नाही. तिथे चेंग येन नावाच्या एका भिक्खुणीने 1966 साली एक संस्था काढली. नाव त्सु ची. अर्थ असा की करुणेने दुसऱ्याला साहाय्य करणे. तेव्हा त्यांचे वय होते तिशीच्या आत.

भांडवल काय होते म्हणाल? भांडवल नव्हतेच! पाच-सहा भिक्खुणी आणि तीस गृहिणी. भिक्खुणींचा एक नियम होता, आपल्या पोटासाठी कोणाकडून काही घ्यायचे नाही, स्वतः राबून खायचे. त्या लोकरीचे स्वेटर विणत, लहान बाळांचे बूट शिवत. त्यांनी ठरवले की प्रत्येकीने रोजच्या कामापेक्षा एक जोड जास्त शिवायचा. एका जोडाचे मिळत चार तैवानी डॉलर. सहा जणींचे रोजचे चोवीस झाले. महिन्याचे सातशे वीस.

आणि तीस गृहिणींनी काय केले? प्रत्येकीला बांबूचा एक नळकांडा दिला, आपल्याकडे मातीचा गल्ला असतो तसा. बाजाराला जाण्याआधी त्यात रोज अर्धा डॉलर टाकायचा. भाजीच्या पैशातून तेवढे बाजूला काढायचे. कोणी विचारले, रोज कशाला, महिन्याचे पंधरा डॉलर एकदम दिले तर नाही का चालणार? हिशेब तर तोच! पण चेंग येन म्हणाल्या, चालणार नाही. महिन्यातून एकदा दिले तर देण्याची भावना महिन्यातून एकदाच जागी होईल. रोज टाकले तर रोज होईल.

बंधूंनो, ह्या एका उत्तरात सगळा कारभार आहे बघा. ती बाई बाजारात जायची, भाजीवालीला सांगायची, मी रोज अर्धा डॉलर टाकते, गरिबाच्या औषधाला. भाजीवाली म्हणायची, मग मी पण टाकते. असे करत बाजारातून बाजारात ही गोष्ट पसरली. जाहिरात नाही, बॅनर नाही, पुढारी नाही.

आता हे जाळे चालते कसे ते सांगतो, कारण नुसत्या भावनेवर संस्था चालत नाही. आपण चळवळीतल्या लोकांनी हे पुष्कळ वेळा अनुभवले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे माणूस. त्यांच्यात दोन प्रकार आहेत. एक साधे सभासद, जे दरमहा आपल्या ऐपतीप्रमाणे देतात. दुसरे कार्यकर्ते, जे घरोघर जाऊन ते पैसे आणतात. कार्यकर्ता होण्यासाठी आधी उमेदवारी आणि शिक्षण घ्यावे लागते. दारू, जुगार, सिगारेट बंद. राजकारणात भाग घ्यायचा नाही हाही नियम. आणि महत्त्वाचे असे की, जो कार्यकर्ता पैसे गोळा करतो तोच गरिबाच्या घरी पाहणीला जातो. त्यामुळे पुढच्या महिन्यात सभासदाच्या दारात उभा राहिला की तो सांगू शकतो, अमुक म्हातारीला तांदूळ पोचले, अमुक पोराचे ऑपरेशन झाले. पावती तर देतोच, पण बातमी पण देतो. आपल्याकडे वर्गणीवाला येतो, पावती फाडतो आणि पुढच्या जयंतीपर्यंत तोंड दाखवत नाही!

दुसरी गोष्ट हिशेब. संस्था सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, 1967 साली, त्यांनी एक मासिक काढले. त्यात कोणी किती दिले हे छापले जायचे. थोडे देणाऱ्याचेही नाव यायचे.

तिसरी गोष्ट खर्च. कार्यकर्ते आपल्या गाडीभाड्याचा, गणवेशाचा खर्च स्वतः करतात. भिक्खुणी आजही स्वतःच्या श्रमावर जगतात. म्हणजे गरिबाच्या नावाने आलेला पैसा सांभाळणाऱ्याच्या पोटात जात नाही. बाहेरदेशी शाखा निघाल्या तेव्हाही नियम असा की, जिथे काम करायचे तिथेच माणसे जोडा आणि तिथेच पैसा उभा करा. वरून पैसा येईल म्हणून वाट बघत बसायचे नाही.

चौथी गोष्ट वस्ती. सुरुवातीला ज्याने ज्याला आणले तो त्याच्या गटात, असा प्रकार होता. 1996 साली मोठे वादळ झाले. तेव्हा लक्षात आले की शेजारी राहणारे दोन कार्यकर्ते वेगवेगळ्या गटात असतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत! मग त्यांनी वस्तीप्रमाणे गट बांधण्यावर भर दिला. 1999 च्या सप्टेंबरमध्ये तिथे मोठा भूकंप झाला, तेव्हा ही बांधणी कामाला आली. त्या वस्तीतले कार्यकर्तेच मदतीला धावले. पुढे पडलेल्या पन्नासच्या आसपास शाळा ह्या संस्थेने बांधून दिल्या.

आता इस्पितळाची गोष्ट. हुआलिएनला इस्पितळ बांधायचे असे त्यांनी 1979 साली ठरवले. लोक म्हणाले, वेड लागले आहे. पैसा जमेना, जागा मिळेना. एकदा भूमिपूजन झाले आणि ती जागाच सोडावी लागली, दुसऱ्या जागी पुन्हा करावे लागले. अशा अडचणीच्या काळात जपानच्या एका श्रीमंत माणसाने वीस कोटी अमेरिकन डॉलर देऊ केले, असे त्यांच्या इतिहासात सांगितले जाते. सगळे काम एका सहीत झाले असते. चेंग येन यांनी ते नाकारले! एकाच्या पैशाने झाले तर ते एकाचे होईल, हजारो लोकांच्या पैशाने झाले तर हजारोंचे होईल, असा त्यांचा विचार.

मी खोटे सांगणार नाही. नुसत्या चिल्लरीवर इस्पितळ उभे राहिले असे नाही. मोठे दातेही पुढे आले, जागेच्या कामी सरकारची मदत झाली. पण पाया लहान देणाऱ्यांचा. 1986 च्या ऑगस्टमध्ये इस्पितळ उघडले आणि पहिल्या दिवसापासून नियम केला की दाखल होताना अनामत रक्कम मागायची नाही. ज्यांनी आईला किंवा बायकोला इस्पितळाच्या दारात घेऊन "आधी पैसे भरा" हे शब्द ऐकले आहेत, त्यांनाच ह्या नियमाची किंमत कळेल.

आणि चुका? झाल्या ना! संस्था मोठी झाली, पैसा मोठा झाला, तशी टीकाही झाली. तैपेईच्या नेइहू भागात संरक्षित जमिनीवर त्यांना बांधकाम करायचे होते. पर्यावरणवाद्यांनी विरोध केला, लोकांनी संस्थेच्या हिशेबावरही प्रश्न विचारले. शेवटी 2015 च्या मार्चमध्ये त्यांनी तो बेत मागे घेतला. एवढ्या नावाजलेल्या संस्थेला लोकांनी विचारले, आणि तिला ऐकावे लागले. जो देतो त्याला विचारायचा अधिकार आहे. ज्याला प्रश्न विचारलेला आवडत नाही त्याने दानपेटीला हात लावू नये!

आता आपल्या घरची गोष्ट. बाबासाहेबांनी 1956 साली नागपूरला, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात, मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्याची गोष्ट बोलून दाखवली. शंभराला पाच! म्हणजे दानाचा नियमित कारभार ही काही तैवानवरून आणायची वस्तू नाही, आपल्याच घरात ती सांगितलेली आहे. आपल्याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी बायामाणसांच्या मूठमूठ धान्यावर रयतची वसतिगृहे चालवली. आणि गंमत बघा, ब्रह्मदेशात 2008 सालच्या चक्रीवादळानंतर त्सु चीची मदत ज्या शेतकऱ्यांना मिळाली, त्यांनी ती बांबूच्या नळकांड्याची गोष्ट ऐकली आणि ठरवले की आपल्याकडे पैसा नाही, तर रोज भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढू. देशोदेशीच्या गरिबाला हीच एक मूठ सुचते, भगिनींनो.

मग आपले अडते कुठे? ते मी सांगतो, कारण त्यात माझा गुन्हा आहे.

काही वर्षांपूर्वी मी ह्या विहाराचा खजिनदार होतो. पहिली पाळी करून यायचो आणि वर्गणीला निघायचो. कोणी रस्त्यात दहा रुपये दिले की खिशात टाकायचो, नंतर लिहू म्हणून. वर्षाच्या सभेत मी जमाखर्च वाचला. तेव्हा मागे बसलेल्या एक मावशी उभ्या राहिल्या. चार घरची धुणीभांडी करून मुलांना वाढवणारी बाई. त्या म्हणाल्या, "भाऊ, माझे दहा रुपये कुठं लिहिलेत?" मी वही चाळली. नव्हते. मी म्हणालो, "मावशी, दहा रुपयांचं काय एवढं?" सभेत दोन-चार लोक हसले. मावशी काही बोलल्या नाहीत, खाली बसल्या.

मी त्या पैशांची चोरी केली नव्हती, विहाराच्या लाईट बिलातच ते गेले असतील. पण मी ते लिहिले नव्हते, आणि वर तिला हसू दिले. पुढच्या वर्षी त्यांच्या आख्ख्या गल्लीने वर्गणी दिली नाही. मी म्हणायचो, लोकांना धम्माची आस्था राहिली नाही. आस्था होती, भरवसा गेला होता, आणि तो मी घालवला होता. मावशी आज हयात नाहीत. त्यांची माफी मागायची राहून गेली. म्हणून आज ह्या व्यासपीठावरून, त्यांची मुले समोर बसली आहेत, त्यांच्यासमोर मी माफी मागतो.

हे आज बोलायचे कारण असे की आपल्यापुढे एक प्रश्न आहे. विहाराच्या वरच्या मजल्यावर मुलांसाठी अभ्यासिका करायची आहे. एका गृहस्थांनी सगळा मजला बांधून देतो म्हटले आहे. त्यांची अट एवढीच की त्यांचे नाव मोठ्या अक्षरात लागावे आणि हॉल लग्नकार्याला भाड्याने द्यावा, त्याचा कारभार त्यांच्या माणसाकडे राहावा. येत्या सर्वसाधारण सभेत निर्णय व्हायचा आहे. काही तरुण म्हणतात, आलेली लक्ष्मी का परत पाठवता? त्यांचा राग मी समजू शकतो. दहा बाय दहाच्या खोलीत, टीव्हीच्या आवाजात बारावीचा अभ्यास कसा होतो हे मला माहीत आहे.

पण हिशेब करून बघा. आपल्या वस्तीत धम्माची 140 घरे आहेत. घरटी रोज 5 रुपये म्हणजे एका चहाचे अर्धे पैसे. दिवसाचे झाले 700, वर्षाचे 2,55,500. सगळे देणार नाहीत, निम्मे धरा, तरी 1,27,750. एवढ्यात मजला बांधून होणार नाही हे मला कळते. पण आहे त्या सभागृहातच संध्याकाळी अभ्यासिका सुरू करता येईल. टेबले, पुस्तके, दिवे, लक्ष ठेवणाऱ्या मुलाचे मानधन ह्यातून निघेल. मजला दोन-चार वर्षांनी होईल, पण तो आपला होईल. दान देणाऱ्याला ना नाही. त्यांनी अटीशिवाय द्यावे, आपण आनंदाने घेऊ, त्यांचे नाव सगळ्यांच्या यादीत सगळ्यांएवढ्याच अक्षरात लिहू.

माझ्या चार सूचना आहेत. प्रत्येक घरात एक डबा ठेवावा, आणि तो घरातल्या लहान मुलाच्या हाताने भरावा. ज्याच्याकडे पाच नसतील त्याने एक टाकावा, नसेल त्याने विहार झाडायला यावे, तेही दानच आहे. दर महिन्याच्या पौर्णिमेला गल्लीतल्या दोन भगिनींनी डबे मोजावेत आणि पैसे त्याच दिवशी बँकेत भरावेत. त्याच दिवशी प्रत्येक घराची रक्कम आणि महिन्याचा खर्च बाहेरच्या फळ्यावर लिहावा. आणि वर्षाचे ऑडिट धर्मादाय आयुक्तांकडे वेळेवर जावे, त्याची प्रत सभेत वाचून दाखवावी.

पहिला डबा मी आणला आहे, माझ्या नातीने रंगवला आहे. आज तिने त्यात दहा रुपये टाकले आहेत. ते त्या मावशींच्या नावाने आहेत. खजिनदारांना माझी विनंती आहे की, कार्यक्रम संपायच्या आत ते वहीत लिहावेत.

भवतु सब्ब मंगलं!
नमो बुद्धाय! जयभीम!