पत्त्यांत गेलेली जमीन



आठवीच्या सहलीत आपण सामानगडावर डबे खाल्ले होते, आठवतं ना? खडकात खोदलेल्या त्या कमानींच्या विहिरीत उतरून आपण एकमेकांना हाका मारत होतो. गडाची माहिती सरांनी सांगितली, ती मात्र मी ऐकली नाही. सर, आज ती चूक कबूल करते.

आमच्या घरात पत्त्यांना बंदी होती. आजोबा म्हणायचे, "आपल्या मूळपुरुषानं सगळी जमीन पत्त्यांत घालवली." गावातही हा टोमणा ऐकायला मिळे. बाबा तो मुकाट्यानं गिळायचे.

लॉकडाऊनमध्ये घरून काम करता करता मी मोडी शिकले. त्यात दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. प्रोग्राममध्ये एक स्वल्पविराम चुकला तरी अडणारी मी, सुरुवातीला रडकुंडीला आले. मग सुट्ट्या टाकून कोल्हापूरच्या पुरालेखागारात जाऊन बसू लागले. तिसऱ्या खेपेला सामानगडच्या गडकऱ्यांच्या एका यादीत माझ्या पणजोबांचे पणजोबा सापडले. नाव, गाव आणि शेताचं नावही. त्या शेताला गावात आजही तेच नाव आहे.

गडकरी म्हणजे फौजेतले नेहमीचे शिपाई नव्हेत. गड राखायचा आणि त्याबद्दल लावून दिलेली जमीन वंशपरंपरेनं कसायची, अशी ती रीत. १८४४ साली कोल्हापूरचा कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती होता. नव्या व्यवस्थेत गडकऱ्यांना मामलेदाराच्या हाताखाली आणलं गेलं. आता जमिनीही जाणार, या धास्तीनं त्यांनी जुलैमध्ये सामानगडाचे दरवाजे लावून घेतले. उठाव पन्हाळ्यापर्यंत पोचला. ऑक्टोबरात इंग्रज फौजेनं सामानगड घेतला.

त्यानंतरच्या एका कागदात आमच्या मूळपुरुषाच्या नावापुढे एवढंच लिहिलं आहे : जमीन सरकारजमा.

मी तिथूनच बाबांना फोन लावला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या आप्पांना हे कळायला हवं होतं गं."

तो शूर होता की नुसता दरवाजाआड बसून राहिला, हे कागद सांगत नाही. त्याच्या बायकोचं तर नावही कुठे नाही. जमीन गेल्यावर पोरांना तिनं कसं जगवलं असेल, हा विचार मला त्याच्या तलवारीपेक्षा जास्त छळतो.

गेल्या दिवाळीत बाबांनी माझ्या मुलासाठी पत्त्यांचा जोड आणला. स्वतःला एकही डाव येत नाही; नातवानंच शिकवलं.

मित्रांनो, आपल्या घरोघरी माळ्यावर एखादी ट्रंक असेलच. रद्दीवाला यायच्या आधी ती उघडा. आणि आई-वडील आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. मोडी वाचायला लागली, तर मी आहेच.